जवसाचे काड आणि व्यापाऱ्याचा शब्द

व्यापाऱ्याच्या वहीत मालाइतकेच बारदानालाही स्थान असते. पोते काट्यावर चढले की एकंदर वजनातून बारदान वजा करावयाचे आणि निव्वळ मालाचा हिशेब मांडावयाचा, हा धडा पेढीवर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलास पहिल्याच दिवशी मिळतो. परंतु वजा केलेल्या त्या बारदानाचे पुढे काय होते, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ज्या काळी बारदान म्हणजे तागाचे गोणपाट, दोरी म्हणजे अंबाडीचा वाख आणि पुडी बांधावयास पळसाचे पान व केळीचे सोपट, त्या काळी ही नोंद नसल्याने कोणाचे काही बिघडत नव्हते. फाटके गोणपाट प्रथम पायपुसणे होई, मग गोठ्यात जाई, आणि अखेरीस उकिरड्यावर पडून एकदोन पावसाळ्यांत माती होऊन जाई. आज बेळगावच्या रविवार पेठेतील वखार असो, निपाणीची बाजारपेठ असो, की इंदूर-बडोद्याकडील आपल्या बांधवांची पेढी असो, तेथून बाहेर पडणारे पोते बहुधा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेले असते. ते उन्हाने तडकते, त्याच्या चिंध्या होतात, चिंध्यांचे कण होतात. परंतु त्याची माती होत नाही.

सरकारने १९८७ साली तागाच्या आवेष्टनांचा सक्तीचा कायदा केला आणि त्यान्वये धान्य व साखर यांच्यासाठी तागाच्या पोत्यांचे प्रमाण ठरवून दिले. त्यामुळे सरकारी खरेदीच्या धान्याला ताग टिकून राहिला. खुल्या बाजाराने मात्र आपली वाट केव्हाच बदलली आहे, आणि ती बदलणारे आपणच आहोत. प्लास्टिकचे पोते हलके, स्वस्त, ओल न धरणारे. व्यापाऱ्याने ते का स्वीकारू नये, या प्रश्नाला केवळ उपदेशाने उत्तर मिळत नाही. म्हणून या लेखात आम्ही उपदेशाचा मार्ग सोडून एका नव्या मालाचा विचार मांडीत आहो. जवस, ताग, अंबाडी, घायपात अशा वनस्पतींच्या तंतूंना राळेत बसवून जो कठीण, हलका आणि योग्य रीतीने केल्यास पुन्हा मातीस मिळणारा पदार्थ बनतो, त्यास शास्त्रज्ञ संमिश्र द्रव्य म्हणतात. या मालाचा व्यापार आपल्या दाराशी येऊ लागला आहे. तो कोणत्या स्वरूपात येऊ द्यावयाचा, याविषयी आपल्या समाजाने वेळीच मत बनवावे, असे आम्हांस वाटते.

संमिश्र द्रव्य हे नाव नवे असले तरी वस्तू नवी नाही. शेणामातीत भुसा कालवून भिंत लिंपणाऱ्या आपल्या आजीबाईंना त्याचे मर्म ठाऊक होते. माती दाब सहन करते, पण ताण पडला की भेगाळते. भुशाची काडी ताण घेते आणि भेग पसरू देत नाही. दोन दुबळ्या वस्तूंनी एकमेकींचे उणे भरून काढावे, एवढेच यातील तत्त्व. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आढळले, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखविण्यात आले आहे. ज्या डोंगरात आपली इंद्रसभा कोरलेली आहे त्याच डोंगरातील कारागिरांनी वनस्पतीच्या तंतूवर भरवसा ठेवला आणि तो गिलावा शतकानुशतके टिकून राहिला, ही गोष्ट आमच्या मते विसरण्याजोगी नाही.

जवसाचा तंतू हा त्या झाडाच्या सालीत असतो. खोडाचा मधला भाग लाकडासारखा आणि त्याभोवती लांब तंतूंच्या जुड्या. हे तंतू मुख्यतः सेल्युलोजचे बनलेले असतात. काचतंतूची घनता पाण्याच्या सुमारे अडीचपट. जवसाच्या तंतूची दीडपटीच्या आतबाहेर. यामुळे वजनास वजन धरून तुलना केली तर ताठपणात जवस काचेच्या बरोबरीला येऊन बसतो. ओढून तुटण्याच्या बळकटीत तो काचेहून कमी आहे, हे येथेच सांगून टाकावे. आणखी एक गुण असा की तो कंप गिळतो. म्हणून सायकलीच्या सांगाड्यांत आणि टेनिसच्या बल्ल्यांत त्याचा उपयोग करण्यात आला आहे. काचतंतू कापताना उडणारी बोचरी धूळ कामगाराच्या कातडीला आणि घशाला जो त्रास देते, तसा त्रास याच्यापासून होत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. वनस्पतीचा तंतू पाण्याचा भुकेला आणि राळ बहुधा पाण्याची वैरीण, त्यामुळे दोघांचे सहजासहजी जमत नाही. तंतू आधी सोड्याच्या पाण्यात धुऊन त्याच्यावरील मेण व चिकट द्रव्य काढावे लागते. तरीही दमट हवेत तो ओल ओढून फुगतो आणि फळी वाकते. उष्णता २०० अंशांपलीकडे गेली की तो करपू लागतो, म्हणून ज्या प्लास्टिकांना वितळावयास अधिक उष्णता लागते त्यांच्याशी त्याचा संसार होत नाही. शिवाय एका शेतातील पीक दुसऱ्यासारखे नसते. कारखान्यात ओढलेला काचेचा तंतू मात्र बारा महिने एकसारखा. कारखानदारास हीच गोष्ट सर्वांत अधिक खुपते.

असे असूनही युरोपात या मालाने पाय रोवले आहेत. जगातील लांब धाग्याच्या जवसाचा बहुतांश भाग फ्रान्सच्या नॉर्मंडीपासून बेल्जियम व नेदरलँड्सपर्यंतच्या समुद्राकाठच्या पट्ट्यात पिकतो. जर्मनीतील मोटारींच्या दारांच्या आतील फळ्यांत जवस व घायपात यांचे तंतू १९९० च्या दशकापासून वापरले जात आहेत. स्वित्झर्लंडमधील फ्रिबुर्ग येथे २०११ साली स्थापन झालेल्या बीकॉम्प या संस्थेने जवसाचे विणलेले कापड मोटारींच्या बाह्यांगापर्यंत नेले. २०१९ साली पोर्शने शर्यतीसाठी बाजारात आणलेल्या एका गाडीची दारे आणि मागील पंख वनस्पतितंतूंचे होते. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे २०१६ साली विद्यापीठाच्या आवारात १४ मीटर लांबीचा पादचारी पूल जवस व भांग यांच्या तंतूंचा उभारण्यात आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये डी ब्रुइन यांच्या प्रयोगशाळेने जवसाचे धागे राळेत भिजवून स्पिटफायर विमानाच्या सांगाड्याचा प्रयोगही केला होता. तेव्हा ही वस्तू हौसेखातर केलेली नाजूक कलाकुसर आहे असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो बदलावा.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही व्यापारी पत्रिकेत वाचावयास मिळेल. आमचे म्हणणे येथून पुढे सुरू होते. या सगळ्या चमत्कारिक वस्तू वनस्पतीच्या आहेत हे खरे, परंतु त्यांतील किती मातीस मिळतात? मोटारीचे दार, पूल, सायकल यांत तंतू जवसाचा असला तरी त्याला धरून ठेवणारी राळ बहुधा खनिज तेलापासून केलेली, किंवा काही अंशी वनस्पतीची पण एकदा घट्ट झाल्यावर कधीही न कुजणारी असते. वनस्पतीपासून जन्मलेली वस्तू आणि मातीस मिळणारी वस्तू या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत उत्पत्तीचा विचार आहे, दुसरीत लयाचा. बाजारात मात्र या दोहोंची सरमिसळ करून 'निसर्गाचे', 'हरित', 'जैव' अशी नावे सर्रास चिकटविली जातात.

या सरमिसळीचा परिणाम पाहावयाचा तर पूर्व जर्मनीकडे पाहावे. तेथे १९५७ पासून १९९१ पर्यंत त्राबांट नावाची मोटार तयार होत होती. पोलादाची टंचाई असल्याने तिच्या अंगाचे पत्रे कापसाच्या कारखान्यातील टाकाऊ धागे फिनॉलच्या राळेत दाबून केलेले असत. म्हणजे कापूस हा वनस्पतितंतू, आणि तोही टाकाऊ. कागदावर पाहिले तर काटकसरीचा व पर्यावरणाचा आदर्शच. अशा सुमारे ३० लाख गाड्या निघाल्या. पुढे दोन्ही जर्मनी १९९० साली एक झाल्या, लोकांनी या गाड्या टाकून दिल्या, आणि मग लक्षात आले की हा पत्रा वितळत नाही, कुजत नाही आणि जाळला तर विषारी धूर होतो. कापसाचा धागा एकटा असता तर पावसाळ्या-दोन पावसाळ्यांत संपला असता. राळेने त्याला अमर करून ठेवले. असले अमरत्व घेऊन करावयाचे काय?

याच्या उलट उदाहरण जवसाच्याच घराण्यातील आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक वॉल्टन याने १८६० च्या दशकात लिनोलियम शोधून काढले. जवसाचे तेल हवेत ठेवले की घट्ट होऊन त्यावर रबरासारखी साय धरते, ही गोष्ट त्याने हेरली. त्या घट्ट तेलात झाडाची राळ, बुचाचा भुगा आणि लाकडाचा भुसा कालवून ते मिश्रण तागाच्या कापडावर लाटले. त्यात धरणारा पदार्थही वनस्पतीचा आणि धरला जाणाराही वनस्पतीचा. जमिनीवर ते कित्येक दशके टिके आणि काढून टाकल्यावर कालांतराने कुजून जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त प्लास्टिकच्या फरश्यांनी त्याला बाजारातून बहुतांशी हुसकावून लावले. आज शास्त्रज्ञ जवसाच्या संमिश्र द्रव्यांसाठी ज्या गुणांचा शोध घेत आहेत ते दीडशे वर्षांपूर्वी एका व्यापारी मालात एकवटलेले होते, आणि तो माल मागे पडण्याचे कारण त्याचा कोणताही दोष नसून केवळ दुसऱ्याचा कमी भाव हे होते. व्यापाऱ्यांनी याचा जरा विचार करावा.

तिसरे उदाहरण तर आपल्या दुकानदार बांधवांच्या अगदी जवळचे. काही वर्षांपूर्वी बांबूचे म्हणून पेले व ताटल्या जगभर खपू लागल्या. बांबूची पूड त्यांत होती हे खरे. पण ती मेलामाइनच्या राळेत मिसळलेली होती, आणि गरम पेय ओतले असता त्यांतून फॉर्माल्डिहाइड झिरपत असल्याचे जर्मनीतील तपासणीत दिसून आले. २०२१ साली युरोपीय आयोगाने असा माल बाजारातून काढण्याची मोहीम हाती घेतली. तो विकणाऱ्या सहस्रावधी दुकानदारांपैकी बहुतेकांना आपण काय विकीत आहो हे ठाऊकही नसेल. वेष्टनावर बांबूच्या पानाचे चित्र होते, तेवढे त्यांना पुरले.

आपल्या धर्मात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत 'प्रतिरूपक व्यवहार' हा एक आहे. चांगल्या मालासारखा दिसणारा हलका माल त्याच्या जागी खपविणे, असा त्याचा अर्थ पाठशाळेत आपण सर्वांनी घोकलेला आहे. तुपात डालडा, केशरात करडईचे तुरे, मिऱ्यांत पपईचे बी, ही त्याची जुनी उदाहरणे. प्लास्टिकच्या राळेत दाबलेल्या भुशाला 'मातीस मिळणारा माल' म्हणून विकणे हा त्याचाच नवा अवतार आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. खोट्या मापाची लाज जशी आपल्या पेढ्यांना वाटत आली, तशीच ती या खोट्या नावाचीही वाटली पाहिजे. कायदाही आता त्या बाजूस झुकला आहे. कंपोस्ट होणारे प्लास्टिक बनविणाऱ्यास व विकणाऱ्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, आणि पर्यावरणाविषयीच्या भ्रामक दाव्यांना आवर घालणारी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ साली जारी केली आहेत. परंतु कायदा येण्याची वाट पाहून व्रत पाळणारा श्रावक आम्ही तरी ऐकलेला नाही.

येथे कोणी म्हणेल की मग खरोखर कुजणारी राळ अस्तित्वात आहे काय? आहे. ऊस किंवा मका यांच्या शर्करेपासून दुग्धाम्ल करून त्याची साखळी जोडली की पॉलिलॅक्टिक आम्ल नावाचे प्लास्टिक मिळते. ते सुमारे १७० अंशांवर वितळते, म्हणजे जवसाचा तंतू न करपता त्यात बसू शकतो. उत्तर प्रदेशातील बलरामपूर चिनी मिल्सने २०२४ साली उसापासून हे द्रव्य बनविण्याचा कारखाना जाहीर केला. बेळगाव जिल्ह्यात साखर कारखान्यांची वाण नाही आणि निजलिंगप्पा साखर संस्थाही येथेच आहे. तेव्हा हा विषय आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. मात्र या द्रव्याविषयीही ग्राहकाला पुरते सत्य सांगितले पाहिजे. ते कुजते ते साधारण ५८ ते ६० अंश उष्णता राखलेल्या कंपोस्टाच्या कारखान्यात. कंपोस्ट होणाऱ्या मालासाठी जी युरोपीय कसोटी आहे तीही अशाच कारखान्यातील परिस्थितीत सहा महिन्यांत ९० टक्के विघटन झाले की नाही, एवढेच पाहते. आपल्या परसातील उकिरड्यात, विहिरीत किंवा मार्कंडेय नदीच्या पात्रात फेकलेला तुकडा वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. म्हणून 'कुजतो' या शब्दापुढे 'कोठे आणि कशाने' हे लिहिल्यावाचून तो शब्द पुरा होत नाही.

आणखी एक भेद करणे अवश्य आहे. जी वस्तू पन्नास वर्षे टिकावी अशी आपली इच्छा असते ती कुजणारी असावी हा हट्ट धरणे गैर. कुजणारा पूल कोणास हवा आहे? दाराची फळी, छपराचा पत्रा, वाहनाचे अंग यांत जवसाचा तंतू काचेच्या जागी वापरून वजन व इंधन वाचले तर तो लाभ स्वतंत्र आहे, आणि त्याला त्याच नावाने विकावे. कुजण्याचा गुण हवा तो अल्पायुषी मालाला: फळांचे ट्रे, रोपवाटिकेच्या कुंड्या, मालाच्या पेट्यांतील कोपरे व आडवे पडदे, लग्नकार्यातील ताटे-वाट्या. याच वस्तू व्यापाऱ्याच्या हातून सर्वाधिक जातात, आणि गटारे तुंबतात तीही याच वस्तूंनी.

आता आपल्या जवसाकडे वळू. बेळगावच्या पूर्वेस, बागलकोट-विजापूरकडे, तसेच मराठवाडा व विदर्भात जवस रब्बीत होतो. जवसाची चटणी भाकरीबरोबर खाल्ली नाही असे घर या मुलखात विरळा. परंतु आपला जवस तेलासाठी वाढविलेला, बुटका व फांद्या फुटणारा. युरोपातील धाग्याचा जवस उंच व सरळ. तेथे तो कापीत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धाग्याची लांबी वाया जात नाही. आपल्याकडे बी झोडून घेतले की काड बहुधा जाळतात किंवा बांधावर टाकतात, कारण जनावरे ते आवडीने खात नाहीत. या आखूड, राठ तंतूपासून तलम लिनन निघणार नाही हे खरे. पण संमिश्र फळ्यांसाठी तलम सूत लागतच नाही, पिंजून दाबलेली गादी पुरते. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात तेलाच्या जवसाचे असेच काड कित्येक वर्षे सिगारेटच्या कागदासाठी विकत घेतले जात होते. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांना ही माहिती मौजेची वाटेल. कानपूरच्या कृषी विद्यापीठाने तेल व धागा दोन्ही देणारे गौरव, शिखा यांसारखे वाण काढले आहेत. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातही जवसावर संशोधन चालते. तरीही देशातील जवसाची लागवड गेल्या अर्धशतकात काही पटींनी घटली. बियाच्या एकट्या भावावर शेतकऱ्याचे भागत नाही, हेच त्याचे कारण. काडालाही भाव मिळाला तर हे गणित बदलू शकेल.

काड आणि तंतू यांच्या मध्ये मात्र एक अवघड पायरी आहे, आणि जैन व्यापाऱ्याने तिथे थबकलेच पाहिजे. तंतू सालीपासून सुटावा म्हणून काड कुजवावे लागते. साचलेल्या पाण्यात कुजविले तर जंतू त्यातील चिकट द्रव्य खातात, पाण्यातील प्राणवायू संपतो आणि तळ्यातील मासे तडफडून मरतात. बंगालच्या तागाच्या तळ्यांत हे घडते. बेल्जियमच्या लिस नदीत एके काळी जवस इतका भिजत घालीत की नदीची घाण असह्य होऊन ती प्रथा बंद करावी लागली. युरोपात आता काड शेतातच पसरून दवावर कुजवितात. आपल्याकडे जवस निघतो तो फाल्गुनाच्या उन्हात. दव कोठून आणावयाचे? तेव्हा तळी नासवून काढलेल्या तंतूला अहिंसक माल म्हणून मिरविणे हाही प्रतिरूपक व्यवहारच ठरेल. कोणतेही पीक हिंसेवाचून निघत नाही, वनस्पती स्वतःच एकेंद्रिय जीव आहे, हे आम्ही जाणतो. गृहस्थाला अल्पारंभाचाच मार्ग मोकळा असतो. तो मार्ग येथे उपलब्ध आहे. कोरडे काड न कुजविता यंत्राच्या दात्यांत चिरडून तंतू व भुसा वेगळा करता येतो. असा तंतू जाडाभरडा निघतो, पण फळ्यांच्या गादीला तो चालतो, आणि पाण्याचा थेंब लागत नाही. यंत्रे घडविण्यासाठी आपल्याला जर्मनीला जावयास नको. उद्यमबागेतील ओतशाळा व यंत्रशाळा याहून बिकट कामे करीत आल्या आहेत.

प्रसंगाने एक जुनी गोष्ट आठवते. श्वेतांबर आगमांत साधूंना ग्राह्य वस्त्रांचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत 'साणिय' आणि 'भंगिय' ही नावे येतात. साणिय म्हणजे सणाचे. भंगियचा अर्थ टीकाकारांनी अतसीच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याचे वस्त्र असा केला आहे. दिगंबर बांधवांना मुनींच्या वस्त्राचा प्रश्न पडत नाही, तरी एवढे त्यांनाही मान्य व्हावे की जवसाचा धागा हा आपल्याकडे फ्रान्समधून आलेला पाहुणा नव्हे.

आमच्या या विचारावर दोन आक्षेप येतील आणि ते दोन्ही आपल्याच घरातून येतील. पहिला असा की हे काम कारखानदारांचे. व्यापाऱ्याने तयार माल घ्यावा आणि विकावा. हा आक्षेप आम्हांस पटत नाही. काडाचा माल हा वजनाने हलका आणि आकाराने अवाढव्य; दूरच्या कारखान्यापर्यंत तो नेण्याची हमाली मालाच्या किमतीला खाऊन टाकते. शेताजवळ गोळा करणे, कोरडे राखणे, गठ्ठे बांधणे, प्रत लावणे, हंगामापुरते भांडवल अडकविणे ही सारी कामे आडत्याची आहेत, आणि तीन-चार पिढ्या आपण तंबाखू, गूळ, कापूस यांच्या बाबतीत तीच करीत आलो. कापसाच्या पराटीपासून फळ्या करण्याची रीत मुंबईच्या माटुंगा येथील कापूस तंत्रज्ञान संस्थेने सिद्ध करून दाखविली, परंतु पराटी शेतातून उचलून आणण्याची व्यवस्था जेथे नाही तेथे ती आजही बांधावर जळते. विज्ञान येथे अडलेले नाही. अडले आहे ते आडतीपाशी.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. आपल्या संघातील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ प्लास्टिकच्या पोत्यांवर, पिशव्यांवर आणि ताटल्यांवर चालतो. एकदाच वापरावयाच्या काही प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आली तेव्हा त्यांतील काहींना मोठा तोटा सोसावा लागला, आणि संघाने त्यांची पुरेशी विचारपूस केली असे आम्हांस वाटत नाही. त्यांना पापाचे धनी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. ज्यांना ताटल्या व ट्रे यांची बाजारपेठ, गिऱ्हाईक आणि उधारी-वसुली ठाऊक आहे, नवा माल तेच उत्तम विकू शकतील. म्हणून नव्या मालाच्या एजन्सी प्रथम त्यांना मिळाव्यात, आणि जुना साठा संपविण्यास त्यांना मुदत मिळावी, असे आमचे मत आहे. सवलत द्यावी, पण खोट्या नावाला द्यावयाची नाही.

संघाने आरंभी फार मोठे काही करावे असे आम्ही म्हणत नाही. सभासदांच्या दुकानात असा जो माल विकला जाईल त्याच्या पावतीवर तीन गोष्टी मराठीत व कानडीत छापाव्यात: तंतू कशाचा, राळ कशाची, आणि वापरून झाल्यावर तो कोठे टाकावयाचा. ज्या कारखानदारास राळेचे नाव सांगावयाचे नसेल त्याचा माल घेऊ नये. दुसरे, पूर्वेकडील एखाद्या बाजारगावी कोरडे काड घेणारे एक केंद्र दोन हंगाम चालवून पाहावे. त्यासाठी एक चिरडयंत्र, एक गठ्ठेयंत्र आणि छप्पर एवढे पुरेल. पावसाळ्याच्या आत काड छपराखाली आले नाही तर त्याला बुरशी येते, म्हणून छपरावर काटकसर करू नये. निघालेला तंतू कोणत्या फळीला चालतो याची चाचणी बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपैकी एखाद्याकडून करून घेता येईल. निघालेल्या भुशाची जळणाच्या विटा करून विक्री होते. शेतकऱ्याला काडाचा भाव मात्र काट्यावर, रोख आणि त्याच दिवशी द्यावा. बियाच्या रकमेत तो मिसळून 'नंतर पाहू' म्हणण्याची जी सवय आपल्या काही आडतींना आहे तिने हे केंद्र पहिल्याच हंगामात बंद पडेल.

जवसाची पेरणी दिवाळीच्या सुमारास उरकते. शेतकऱ्याने काड जाळू नये असे वाटत असेल तर पेरणीआधी त्याच्या कानी भाव गेला पाहिजे, आणि तो भाव ठरविण्यासाठी संघाच्या कार्यकारी मंडळाची बैठक पर्युषण व दशलक्षण पर्व आटोपताच बोलवावी लागेल.